चिकाची कथा आणि वासराचा वाटा

खरवस आवडत नाही असा मराठी माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. शेजारची गाय किंवा म्हैस व्याली, की दोन दिवसांत झाकण घातलेला तांब्या आपल्या घरी येतो. मग गूळ किसला जातो, वेलदोडा-जायफळ कुटले जाते, आणि वाफ धरलेल्या भांड्यातून ती लुसलुशीत वडी ताटात पडते. या खरवसात आमच्या आयाबहिणींचे एक शास्त्र आहे. पहिल्या धारेचा चीक असेल तर त्यात दुधाची चांगली भर घालावी लागते, नाहीतर वडी रबरासारखी चिवट होते. दुसऱ्या दिवशीच्या चिकात दूध बेताने. तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा चीक असेल तर वडी धरेल की नाही याचीच शंका. चिकाची प्रत तासागणिक उतरत जाते, हे ज्ञान आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या होते. फक्त त्या ज्ञानाचा उपयोग आपण वडीसाठी केला, वासरासाठी केला नाही.

हे वाक्य मी सहज लिहिलेले नाही. मी दहा-अकरा वर्षांचा असताना सुट्टीत आजोळी गेलो होतो. मामाची जर्सी संकराची गाय पहाटे व्याली. कालवड झाली म्हणून सगळे खूश. पण आजीचा नियम असा, की वार पडल्याशिवाय गाईच्या कासेला हात लावायचा नाही आणि वासरालाही लावायचे नाही. त्या दिवशी वार पडायला दुपार उलटली. तोवर कालवड कोपऱ्यात पोत्यावर हंबरत राहिली. नंतर धार काढली, चरवी भरून चीक निघाला. कालवडीला थोडा पाजला, बाकीचा खरवसासाठी घरोघर वाटला. मी दोन वाट्या खरवस खाल्ला हे मला पक्के आठवते. पाचव्या दिवशी पांढऱ्या हगवणीने ती कालवड गेली. दृष्ट लागली, असे सगळे म्हणाले. मलाही ते तेव्हा खरे वाटले.

माझा विषय इतिहास. पशुवैद्यकाचा मला अधिकार नाही. पण त्या कालवडीचे काय चुकले, या प्रश्नाचे उत्तर मला पुढे इतिहासातच सापडले. हल्ली दुकानांतून गाईच्या चिकाची भुकटी, चिकाच्या गोळ्या 'शक्तिवर्धक पूरक आहार' म्हणून चांगल्या किमतीला विकल्या जातात, त्यांची प्रत कशी ओळखावी याचे उत्तरही त्याच इतिहासात आहे. वाचकहो, ती कथा आज तुमच्यापुढे मांडतो.

प्रथम नावाकडे पाहू. संस्कृतात या दुधाला 'पीयूष' म्हणतात. नुकत्याच व्यालेल्या जनावराचे नवे दूध असा या शब्दाचा अर्थ अमरकोशात दिला आहे. अमृतालाही पीयूषच म्हणतात. एकाच शब्दात अमृत आणि चीक नांदावेत, ही मोठी सूचक गोष्ट आहे. पण त्याच परंपरेत मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गाईचे पीयूष खाऊ नये, आणि व्याल्यावर दहा दिवस लोटेपर्यंत तिचे दूधही वर्ज्य मानावे, असा नियम आहे. हा नियम शुद्धाशुद्धतेच्या विचारातून आलेला आहे. वासराच्या आरोग्याचा हेतू त्यात मी ओढूनताणून बसवणार नाही. परंतु नियम पाळला गेला असेल तेथे परिणाम एकच झाला असणार: ते दहा दिवस वासराचे राहिले असणार. आपण मिटक्या मारीत खरवस खातो, यावरून हा नियम घरोघर कितपत पाळला गेला हे उघडच आहे.

तिकडे रोममध्येही हाच गोंधळ होता. 'कोलोस्ट्रम' हा आज डॉक्टर वापरतात तो शब्द मूळचा लॅटिन. पहिल्या शतकात शेतीवर मोठा ग्रंथ लिहिणारा कोल्युमेला सांगतो, की मेंढी व्याली की कोकराला लावण्याआधी धनगरांनी हे पहिले दूध थोडे पिळून टाकावे, कारण ते कोकराला बाधते. त्याच शतकातला कवी मार्शल याने पाहुण्यांना द्यायच्या भेटवस्तूंवर छोटे छोटे दोन ओळींचे श्लोक रचले, त्यांत एक चिकाच्या भेटीवर आहे. अजून पायावर उभी न राहिलेल्या करडांच्या तोंडचे हे दूध धनगराने काढून आणले आहे, असा त्याचा आशय. म्हणजे शेतकी पंडित म्हणतो चीक पिल्लाला बाधतो, आणि पाहुण्यांच्या पानात मात्र तोच चीक मेजवानी म्हणून पडतो! आमच्या आजोळची गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी इटलीतही घडत होती म्हणायची.

माणसाच्या बाळाचेही नशीब फार वेगळे नव्हते. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य सोरेनस याने आईचे पहिले दूध बाळाला देऊ नये, आधी मध चाटवावा, असे सांगितले, आणि त्याचे मत युरोपात शतकानुशतके चालले. आपल्याकडेही कित्येक घरांत आईचा चीक पिळून टाकीत आणि बाळाला मध-गुळाचे पाणी चाटवीत. इंग्लंडात १७४८ साली विल्यम कॅडोगन या डॉक्टराने बालसंगोपनावर निबंध लिहून या समजुतीला धक्का दिला. बाळाला जन्मल्यावर लवकरात लवकर आईच्या अंगावर घ्यावे, असा त्याचा आग्रह होता. पण का घ्यावे, चिकात आहे तरी काय, हे त्यालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. जंतूंचे शास्त्र जन्माला यायला अजून शंभर वर्षे होती.

ते शास्त्र आल्यावर पहिला दिवा लावला तो जर्मनीतल्या पॉल एर्लिक याने. १८९२ साली त्याने उंदरांवर एक साधा, पण फार कल्पक प्रयोग केला. काही उंदरीणींना त्याने हळूहळू मात्रा वाढवीत एरंडीसारख्या वनस्पतींतील विष पचवायला शिकवले. मग त्यांची पिल्ले आणि साध्या उंदरीणींची पिल्ले यांची अदलाबदल केली. साध्या आईची पिल्ले संरक्षित आईच्या अंगावर वाढली, तेव्हा त्यांनाही विषापासून संरक्षण मिळालेले दिसले. आईने सोसून मिळवलेली ढाल दुधावाटे लेकरापर्यंत पोहोचते, हे प्रयोगाने सिद्ध झाले. याच एर्लिकला पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता गोष्ट गोठ्यात येते. अमेरिकेत प्रिन्स्टनजवळ रॉकफेलर संस्थेचा पशुरोग विभाग होता. त्याचे प्रमुख थिओबाल्ड स्मिथ. गुरांचा टेक्सास ज्वर गोचिडांमुळे पसरतो, हे १८९३ साली किलबोर्न यांच्यासह दाखवून देणारे तेच हे शास्त्रज्ञ. वासरांच्या हगवणीने ते त्रस्त झाले होते. त्याच संस्थेत पॉल हाउ यांनी १९२१ साली दाखवले, की नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या रक्तात ग्लोब्युलिन नावाची प्रथिने जवळजवळ नसतात. चीक प्यायल्यावर ती काही तासांतच रक्तात उतरतात. लगेच १९२२ साली स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी काही वासरांना चीक दिला, काहींना मुळीच न देता साधे दूध पाजले. चीक प्यालेली जगली, न प्यालेल्यांपैकी बहुतेक थोड्याच दिवसांत मेली. मेलेल्या वासरांची चिकित्सा केली तेव्हा आतड्यात राहणारे नेहमीचेच जंतू त्यांच्या अवयवांत शिरलेले आढळले. जंतू काही बाहेरून विशेष जहाल आला नव्हता. त्याला अडवणारे आतच कोणी नव्हते.

हा निबंध वाचताना मला आजोळची कालवड आठवली. दृष्ट कोणाचीच लागली नव्हती!

याचे कारण गाईच्या गर्भाशयात आहे. माणसाची आई गर्भातच वारेवाटे बाळाला आपली रोगप्रतिकारक प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, बरीचशी देऊन टाकते. गाईच्या वारेची रचना अशी आहे, की तिच्यातून ही प्रतिपिंडे पलीकडे जात नाहीत. म्हणून वासरू जगात येते ते निःशस्त्र. त्याची सगळी शिदोरी आईने कासेत भरून ठेवलेली असते. आणि वासराच्या आतड्याची दारे ही प्रथिने अखंड आत घेण्यासाठी जन्मानंतर थोडाच वेळ उघडी असतात. पहिल्या सहा तासांनंतर ती मिटू लागतात, चोवीस तासांत जवळजवळ बंद होतात. त्यानंतर घागरभर चीक पाजला तरी त्यातली प्रतिपिंडे रक्तात जात नाहीत. पोटात थोडेफार काम करतील तेवढेच. आजीने वार पडायची वाट पाहिली, ती नेमकी याच सोन्यासारख्या तासांत. गाईची वार पडायला अर्धा दिवसही लागू शकतो, आणि वासराच्या पिण्याने वार अडते या समजुतीला काही आधार नाही. उलट वासरू लुचू लागले की पान्हा फुटतो आणि त्याच वेळी गर्भाशयही आकुंचन पावते.

स्मिथ आणि लिटल एवढ्यावर थांबले नाहीत. चीक मिळालाच नाही तर काय, म्हणून १९२२ मध्येच त्यांनी चिकाऐवजी गाईच्या रक्तातील सीरम देऊन पाहिले. आज ज्याला चिकाचा पर्याय किंवा पूरक म्हणतात, त्या कल्पनेचा इतिहास असा शंभर वर्षांचा आहे. आणि पहिल्याच पावलावर मूळ प्रश्न उभा राहिला: पर्याय कशाचा? सगळा चीक सारखाच असतो का?

या प्रश्नाला उत्तर देण्यात पुढचे अर्धे शतक गेले. १९४९ पासून इंग्लंडात रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेने चिकाच्या पोषणमूल्यावर निबंधांची एक मालिकाच प्रसिद्ध केली. १९६५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी बाजारात विकायला आलेल्या वासरांचे रक्त तपासले. ज्यांच्या रक्तात ही प्रथिने कमी, त्यांच्यातच मृत्यू जास्त, असे दिसून आले. ही वासरे काही प्रयोगशाळेतली नव्हती. सामान्य शेतकऱ्यांच्या गोठ्यातून आलेली होती. म्हणजे चीक मिळाला की नाही एवढेच पाहून भागत नव्हते. किती, केव्हा आणि कसल्या प्रतीचा मिळाला, हे विचारणे आले.

वाचकहो, आता चिकाची प्रत कशाने ठरते ते क्रमाने पाहू. येथे माझ्या कथेचा गाभा आहे.

चीक व्यायच्या दिवशी तयार होत नाही. शेवटच्या काही आठवड्यांत गाय आपल्या रक्तातली प्रतिपिंडे गाळून कासेत साठवू लागते. म्हणून गाभण गाईचे दूध वेळेवर आटवणे फार महत्त्वाचे. सहा ते आठ आठवडे तिला विसावा मिळाला पाहिजे. लोभापायी शेवटपर्यंत धार काढली आणि भाकड काळ तीन आठवड्यांच्याही आत आला, तर चीक पातळ होतो. व्यायच्या आधीच कास गळू लागली किंवा कोणी पिळून पाहिली, तर साठवण वाहून जाते.

दुसरी गोष्ट उन्हाची. इटलीतल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवले, की गाभणपणाच्या शेवटच्या काळात कालवडींना कडक उष्णता सोसावी लागली तर त्यांच्या चिकातली प्रतिपिंडे घटतात. आमच्या मराठवाड्यात, विदर्भात वैशाखातला पत्र्याचा गोठा डोळ्यांपुढे आणा. दुपारी माणूस तिथे उभा राहू शकत नाही आणि गाभण गाय दावणीला बांधलेली असते! झाडाची सावली, पत्र्यावर पाचट, वेळोवेळी गार पाणी, एवढ्यानेही फरक पडतो. यासाठी परदेशी यंत्र लागत नाही.

तिसरी गोष्ट वयाची आणि जातीची. तिसऱ्या-चौथ्या वेताची गाय चार पावसाळे पाहिलेली असते. अनेक रोगजंतूंशी तिची गाठ पडलेली असते, म्हणून तिचा चीक पहिलारू गाईपेक्षा बहुधा सरस. जातीचे म्हणाल तर १९८१ साली अमेरिकेत केलेल्या तुलनेत होल्स्टीन गाईंच्या चिकात या प्रथिनांचे प्रमाण सरासरी ५.६ टक्के, तर जर्सी गाईंच्या चिकात ९ टक्के भरले. होल्स्टीन चीक भरपूर देते, पण भरपूर म्हणजे दाट नव्हे. १९९१ मधल्या एका अभ्यासात पहिल्या धारेला साडेआठ किलोंहून कमी चीक देणाऱ्या होल्स्टीन गाईंचा चीक जास्त कसदार आढळला. बादली भरली म्हणून हुरळून जाऊ नये, हा त्याचा मथितार्थ.

चारापाण्याच्या बाबतीत मात्र थोडे सावध बोलावे लागते. ओली वैरण मिळाली की चीक छान पिवळाधमक होतो, कारण हिरव्या चाऱ्यातले कॅरोटीन त्यात उतरते आणि वासराला अ जीवनसत्त्व मिळते. हा लाभ मोठा आहे. पण पिवळा रंग म्हणजे जास्त प्रतिपिंडे असे समीकरण मांडता येत नाही. म्हशीचा चीक गाईच्या मानाने फिका असतो, म्हणून तो हलका ठरत नाही.

आणि वेळ? २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गाई व्याल्यावर चार वेगवेगळ्या वेळी चार सडांतून चीक काढला. दोन तासांनी काढलेल्या चिकात लिटरला ११३ ग्रॅम प्रतिपिंडे होती. सहा तासांनी ९४, दहा तासांनी ८२, चौदा तासांनी ७६. कास भरलेली, गाय तीच, चारा तोच. नुसते वाट पाहण्याने एवढे गेले. आमच्या स्वयंपाकघरातले शास्त्र खोटे नव्हते, हे या आकड्यांनी दाखवून दिले.

शेवटी स्वच्छता. शेणाने भरलेले सड, न धुतलेली चरवी, उन्हात ठेवलेला चीक, यांत जंतू भराभर दुप्पट होत जातात. असा चीक वासराला द्यायचा म्हणजे ढालीबरोबर शत्रूही आत सोडायचा. जंतूंची गर्दी झाली की आतड्याकडून प्रतिपिंडे शोषली जाण्यातही अडथळा येतो. अनेक गाईंचा चीक एका पिंपात मिसळला तर कसदार चीक पातळ होतो, आणि एका गाईचा रोग साऱ्या वासरांना मिळण्याची भीती राहते ती वेगळीच.

या सगळ्यांहून मला विलक्षण वाटते ते हे. चिकात नुसती 'शक्ती' नसते. त्या गोठ्याची हकीकत असते. गाय ज्या जंतूंना तोंड देऊन उभी राहिली, त्यांचीच प्रतिपिंडे तिच्या चिकात येतात. व्यायच्या आठ दिवस आधी बाजारातून आणलेली गाय जुन्या गोठ्याची हकीकत सांगते. नव्या गोठ्यातल्या जंतूंशी तिची ओळखच झालेली नसते. म्हणून गाभण गाय आणायची तर वेळेत आणावी, आणि हगवणीविरुद्धची लस व्यायच्या काही आठवडे आधी गाईला टोचावी, असे पशुवैद्य सांगतात. लस टोचायची आईला आणि संरक्षण मिळवायचे लेकराला, हा एर्लिकच्या उंदरीणींचाच धडा.

गोठ्यातली ही प्रत मोजायचे साधन १९८० साली आले. दूधवाल्याचे लॅक्टोमीटर तुम्ही पाहिले असेल, त्याच धर्तीचा एक तरंगमापक चिकासाठी निघाला. आज अनेक ठिकाणी साखर कारखान्यात उसाच्या रसाची ब्रिक्स मोजतात तेच हातातले यंत्र चिकासाठी वापरतात. दोन थेंब काचेवर टाकायचे. २२ किंवा अधिक आकडा दिसला तर चीक चांगला, म्हणजे लिटरला सुमारे ५० ग्रॅम किंवा जास्त प्रतिपिंडे, असा ठोकताळा आहे. ज्या महाराष्ट्रात गावोगाव ब्रिक्स हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, तिथे हे यंत्र गोठ्यात जायला अडचण पडू नये.

आता बाजारातल्या डब्याकडे वळू. गाईच्या चिकाने माणसाचे रोग टळतील का, हा विचारही जुना आहे. पोलिओच्या तोंडाने द्यायच्या लशीमुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले आल्बर्ट सेबिन यांना १९५० साली आईच्या आणि काही गाईंच्या दुधात पोलिओच्या विषाणूला निष्प्रभ करणारे द्रव्य आढळले. 'काही गाईंच्या' हे शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत. त्याच दशकात मिनेसोटा विद्यापीठात पीटरसन आणि कॅम्पबेल यांनी गाईंना मुद्दाम लस देऊन संरक्षक दूध तयार करण्याची कल्पना मांडली. १९८८ साली अमेरिकेत स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात, हगवणीच्या ठराविक जंतूंविरुद्ध लस दिलेल्या गाईंच्या दुधातील प्रतिपिंडांनी त्या जंतूंपासून संरक्षण दिले. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात रोटाव्हायरसविरुद्ध तयार केलेल्या चिकाने रुग्णालयातल्या मुलांचा बचाव झाल्याचे प्रसिद्ध झाले.

या यशस्वी प्रयोगांत एक समान धागा आहे. कोणत्या रोगाविरुद्ध, कोणत्या लशीने, कशा पाळलेल्या गाईचा चीक, हे तेथे नेमके ठाऊक होते. दुकानातल्या सामान्य डब्यावर बहुधा एवढेच असते: इतके टक्के आय-जी-जी, म्हणजे प्रतिपिंडांतला मुख्य प्रकार. हा आकडा सैन्याची संख्या सांगतो. सैन्य कोणाविरुद्ध लढायला शिकले आहे, हे सांगत नाही. शिवाय मोठ्या माणसाचे आतडे वासरासारखे उघडे नसते. गाईची प्रतिपिंडे आपल्या रक्तात जात नाहीत. जे काय काम व्हायचे ते पोटातच, आणि त्यांतलीही बरीच पचून जातात. तेव्हा सर्व रोगांवर एकच डबा, अशी जाहिरात दिसली की जरा थबकावे. खेळाडूंनी तर विशेष जपावे. चीक निषिद्ध पदार्थांच्या यादीत नसला तरी त्यात वाढीला चालना देणारे घटक असतात आणि चाचणीच्या निकालावर त्यांचा परिणाम होऊ शकतो, म्हणून जागतिक उत्तेजक-विरोधी संस्था तो घेण्याचा सल्ला देत नाही. आणि माणसाच्या नवजात बाळाला हा डबा आईच्या चिकाचा पर्याय कधीच नव्हे. जन्मल्यावर तासाभरात बाळाला आईच्या अंगावर घ्यावे, हेच जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. कॅडोगनने १७४८ मध्ये सांगितले ते असे पुन्हा जागी आले.

भुकटी करताना उष्णतेचाही प्रश्न येतो. चीक ६० अंश सेल्सिअसला तासभर ठेवला तर बरेच जंतू मरतात आणि प्रतिपिंडे टिकतात, असे मिनेसोटातल्याच संशोधनातून पुढे आले. त्याहून फार वर गेले की प्रथिने थिजू लागतात. आपला खरवस म्हणजे हेच थिजणे. म्हणून खरवस पौष्टिक आणि रुचकर जरूर आहे, पण वाफेवर त्यातली ढाल वितळून गेलेली असते. औषध म्हणून त्याची वाखाणणी करू नये. दूध तापवताना फाटू नये म्हणून डेऱ्या चीक घेत नाहीत आणि आपल्या १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनीही दूध चीकविरहित असावे असे ठरवले होते, त्याचे व्यावहारिक कारण यातच सापडते. डेरीने नाकारलेला हा चीक घरोघरच्या खरवसात गेला आणि आता जगाच्या बाजारात भुकटी होऊन मोलाचा झाला आहे. न्यूझीलंडसारख्या देशात गाई कुरणावर चरतात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास बहुतेक एकदमच वितात, त्यामुळे तेथे चीक गोळा करण्याचा मोठा धंदा उभा राहिला.

येथे माझ्या मनात एक भीती उभी राहते. वस्तूला भाव आला की पहिला घाव दुबळ्यावर पडतो, असे इतिहास वारंवार सांगतो. मोठ्या शहरांच्या तबेल्यांत दुधाला भाव आला तेव्हा पारडे-वासरे उपाशी मेली, ही काही फार जुनी गोष्ट नाही. उद्या चिकाला भाव आला तर वासराच्या तोंडचे दूध काढून ते पिशवीत भरणारे निघणार नाहीत असे कोणी सांगावे? तो सौदा शेवटी शेतकऱ्यालाच महाग पडेल. आज मरणारी कालवड ही दोन-अडीच वर्षांनंतरची दुभती गाय असते, हा हिशेब मामाला नंतर कळला. तोवर हंगाम गेला होता.

तेव्हा सारांश म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. गाय वेळेवर आटवा, उन्हापासून जपा, लस टोचून घ्या. व्याली की कास धुऊन दोन तासांच्या आत वासराला पाजा. वारेची वाट पाहू नका. वासराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक, म्हणजे तीस किलोंच्या वासराला तीन लिटर, पहिल्या दिवशी पोटात गेलाच पाहिजे, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या काही तासांत. उरला तर तो आपला. आणि डबा विकत घेणार असाल, तर विकणाऱ्याला विचारा: हा चीक कोणत्या गाईंचा, व्याल्यावर किती तासांनी काढलेला, किती तापवलेला, आणि तिच्या वासराला मिळाला होता का? उत्तर देता आले नाही, तर डब्यावरच्या आकड्याला फारशी किंमत देऊ नका.

पुढे आजी थकली. मामाच्या गोठ्यात एके रात्री गाय व्याली, तेव्हा मी तेथेच होतो. मामाने वारेची वाट न पाहता वासरू पुढे ओढले आणि त्याच्या तोंडात सड दिला. आजी उंबऱ्याशी बसून पाहत होती. मला वाटले, आता रागावेल. ती एवढेच म्हणाली, "पिऊ दे रे त्याला. खरवस काय, उद्याही होईल."

दुसऱ्या दिवशी खरवस झाला. वडी जरा मऊ झाली होती, पण त्या घरात इतका गोड खरवस मी त्याआधी खाल्ला नव्हता.